लांबलेली थंडी आणि परसातील भाजी

फाल्गुन लागला तरी पहाटेचा गारवा हटत नाही, असे वर्ष शिरूर-दौंड भागात अधूनमधून येतेच. अशा वर्षी काही गृहस्थ केवळ पंचांग पाहून भेंडी, काकडी, दोडका यांचे बी घाईने टोकतात. ते उगवले नाही, म्हणजे जमिनीस दोष देऊन वाफा मोडतात आणि तेथेही ऊस लावतात. आमच्या मते घाईपेक्षा हे वाफा मोडणेच अधिक घातक होय.

दोष जमिनीचा नसतो. भेंडीचे बी साधारणतः १७ अंश सेल्सिअसखाली उगवत नाही. काकडीवर्गाचे बी गार, ओल्या मातीत कुजते. तेव्हा आठ-पंधरा दिवस थांबावे. दोडका-भोपळ्याचे बी पानांच्या द्रोणांत कुजके शेणखत व माती भरून, उन्हाच्या भिंतीलगत उगवून घ्यावे आणि दोन पाने फुटताच द्रोणासकट लावावे. गार माती लवकर वाळत नाही, म्हणून पाणी बेताने व सकाळी द्यावे. मेथी-कोथिंबिरीस हाच गारवा मानवतो. ऊन तापले की ती फुलोऱ्यावर येतात. थंडी लांबली तर तोडे वाढतात. म्हणजे एक वाफा थांबतो, तेव्हा दुसरा घर चालवितो.

शेतात अनेक जिनसा असाव्यात, ही रीत या भागात नवी नव्हे. घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ सालापासून डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत जव, गहू, मसूर, वाटाणा व कुळीथ यांचे दाणे सापडले, तसेच पुराचे पाणी शेताकडे वळविणारा पाटही आढळला. त्या कुणब्यांनी आपले पोट एकाच पिकावर टांगले नव्हते.

आज त्याच परिसरात उसाचा पैसा बारा ते अठरा महिन्यांनी हाती येतो. भाजीचा पैसा मात्र दर आठवडे-बाजारी घराबाहेर जातो. ज्याच्या शेतात पाणी खेळते, त्याच्या मुलांच्या ताटात भाजी मोजून पडावी, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

परसबाग बहुधा घरची बाईच राखते; परंतु जमीन व पाणी यांचा निर्णय तिच्या हाती नसतो. म्हणून शेतकरी बंधूंस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, दोन गुंठे जमीन व आठवड्यातून दोन पाळ्या पाणी तिच्या स्वाधीन करावे आणि एखादे बी वाया गेले म्हणून ते परत घेऊ नये.