हया फक्त धावतानाच का आठवते?

मोहल्ल्यात पन्नाशी ओलांडलेली बाई झपाझप चालताना दिसली की लोक एकच अर्थ काढतात: कुणाच्या तरी घरी मय्यत झाली असणार. ती धावताना दिसली तर अर्थ काय काढावा हेच कुणाला सुचत नाही. बोदवडमध्ये गेली चार वर्षे मी लोकांची ही पंचाईत करून ठेवली आहे. चोपन्नाव्या वर्षी सुरुवात केली, आता अठ्ठावन्नावे चालू आहे. फजरची नमाज झाली की सलवार-कमीजवर दुपट्टा पिन लावून घट्ट करायचा, साधे बूट घालायचे आणि मलकापूर रस्त्याला लागायचे. एवढ्यावरून गावात जे ऐकावे लागते, त्याबद्दल आज लिहिते आहे. तक्रार म्हणून नाही, भांडण म्हणून वाचा.

पहिला सवाल ठरलेला: "आपा, इस उमर में?" विचारणाऱ्याला उत्तर नको असते, तुम्ही लाजून घरी परत जावे एवढेच हवे असते. मग गुडघ्यांची काळजी सुरू होते. माझ्या गुडघ्यांची काळजी करणाऱ्यांतले निम्मे लोक स्वतः जिना चढताना दोनदा थांबतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1984 साली पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांचा एक गट आणि न धावणाऱ्यांचा एक गट निवडला आणि सुमारे वीस वर्षे त्यांच्या नोंदी ठेवल्या. एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी 34 टक्के लोक वारले होते, धावणाऱ्यांपैकी 15 टक्के. उठणे-बसणे, कपडे घालणे, चालणे यांतल्या अडचणी धावणाऱ्यांना बऱ्याच उशिरा आल्या. गुडघे तर न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेले आढळले नाहीत. हे लोक आधीपासूनच धावणारे आणि बहुधा खाऊनपिऊन सुखी असणार, हे मान्य. पण "धावलात की गुडघे गेले" हे जे आपल्याकडे ठासून सांगितले जाते, त्याला आधार काय? शेजारच्या चाचांचा अनुभव. चाचा कधी धावले होते?

दुसरा युक्तिवाद जास्त अवघड, कारण तो दीनदार तोंडातून येतो. "पाच वक्त नमाज पढतो, तोच व्यायाम. वेगळे काय करायचे?" मला हे वाक्य नमाजचा अपमान वाटते. नमाज ही इबादत आहे, कॅलरी जाळायचे यंत्र नाही. रुकू-सजद्याने सांधे हलते राहतात, हे खरे. पण त्याने दम लागत नाही, आणि लागूही नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालण्यासारखी किंवा 75 मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. पासष्टीपुढच्यांनाही तेवढीच, शिवाय तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम वेगळे. आमच्या मोहल्ल्यात एका गल्लीत शुगरची गोळी न घेणारे पन्नाशीपुढचे घर शोधायला गेलात तर दुसऱ्या गल्लीत जावे लागेल. आणि शीरखुर्म्याची वाटी नाकारणे मात्र बेअदबी.

आता खरा मुद्दा: हया. "मर्द दौडे तो ठीक, औरत जात को शोभा देता क्या?" असे म्हणणाऱ्यांना मी हदीसच सांगते. अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. प्रवासात पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी शर्यत लावली आणि हजरत आयेशा पुढे गेल्या. पुढे काही काळाने, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली. तेव्हा पैगंबर जिंकले आणि म्हणाले की ही त्या शर्यतीची परतफेड. वयाचा हिशेब करा. हिजरत झाली तेव्हाच पैगंबरांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे पन्नाशीपुढचा पुरुष आपल्या बायकोबरोबर धावतो, एकदा हरतो, हसतो आणि पुन्हा धावतो. आमच्या गावात पन्नाशीपुढचा नवरा बायकोबरोबर बाजारात चाललाच तर दहा पावले पुढे असतो.

हे सांगितले की जाणकार मंडळी बारकावा काढतात: "आपा, तेव्हा बाकी लोकांना पुढे पाठवले होते, हे नका विसरू." बिलकूल विसरत नाही. एका रिवायतीत तसे स्पष्ट आहे, आणि माझे भांडण तिथेच सुरू होते. त्यांनी बायकोला "लोक आहेत, तू बसून राहा" असे सांगितले नाही. लोकांना पुढे जायला सांगितले. जागा मोकळी करण्याची जबाबदारी काफिल्यावर टाकली. मग आमचा काफिला कधी पुढे जाणार?

आणि सफा-मरवा? बीबी हाजरा तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत धावल्या, म्हणून आजही हज-उमरा करणारे सात फेऱ्या मारतात, सुमारे तीन किलोमीटर. तिथे हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुष धावतात आणि बायकांनी चालायचे असते. फिक्हच्या वादात मी पडत नाही. पण ज्या धावण्याची ही आठवण आहे ते एका आईचे होते, एवढे तरी ध्यानात ठेवा. पाण्याचे म्हणाल तर बोदवडच्या बायकांना काय सांगायचे? नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात टँकरचा हॉर्न वाजला की साठीची खालासुद्धा हंडा घेऊन पळते. त्या वेळी कुणालाही हया आठवलेली मी पाहिली नाही.

थोडक्यात, बाईच्या धावण्याला हरकत नाही. ती स्वतःसाठी धावली की हरकत आहे. हा रोग फक्त मुसलमानांत आहे असे समजून इतर वाचकांनी खूश होऊ नये. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून बारामतीला मजुरीसाठी गेलेल्या लताबाई करे आठवा. साठी ओलांडलेली बाई, नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत धावली आणि जिंकली, कारण नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते. त्यांच्यावर 2020 साली सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि 67व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. अख्ख्या महाराष्ट्राने डोळे पुसले. लताबाईंना माझा सलाम. पण आमच्या टाळ्यांबद्दल मला शंका आहे. नवरा ठणठणीत असता आणि मन मोकळे करायला म्हणून त्या तशाच धावल्या असत्या, तर याच लोकांनी काय म्हटले असते? आणि म्हाताऱ्या बाईला दवाखान्याच्या बिलासाठी धावावे लागते यावर सिनेमा काढण्याआधी कुणाला तरी शरम वाटायला हवी होती.

फौजा सिंग यांना कुणी असे कारण मागितले नाही. बायको गेली, मुलगा डोळ्यांसमोर गेला, त्या दुःखात ते धावू लागले. नव्वदीच्या उंबरठ्यावर पहिली मॅरेथॉन आणि 2011 साली टोरोंटोत शंभराव्या वर्षीची. जन्मदाखला नाही म्हणून गिनीजने विक्रम नोंदवला नाही, ही गोष्ट आमच्या पिढीच्या बायकांना चांगली कळेल. आमच्यातल्या कितीजणींची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिलेली आहे! दुःख माझ्या ओळखीच्या बेवांनाही आहे. त्यांना त्यावर औषध म्हणून घरात बसायला सांगितले जाते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. आधी बीपी-शुगर तपासून डॉक्टरांना विचारा. मग पाच मिनिटे चालणे, त्यानंतर एक मिनिट हळू धावणे, दीड मिनिट चालणे, असे आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस. बोलता येत नसेल एवढा दम लागला तर वेग जास्त आहे. छातीत दाब वाटला तर थांबा आणि दवाखाना गाठा, "गॅस असेल" म्हणू नका. आपल्या खान्देशात मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातला चटके बसतात, म्हणून फजरनंतरचा वेळच आपला. महागडे बूट, मनगटावरचे घड्याळ यातले काही लागत नाही.

लागते ती जागा. रस्त्यावर डंपर आणि कुत्री. जी मैदाने आहेत तिथे पहाटे पोलीस भरतीची मुले असतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण गावात कंपाउंड असलेले एक शाळेचे मैदान सकाळी साडेसातपर्यंत कुलपात असते. आम्ही अकरा बायकांनी, त्यात तिघी शेजारच्या हिंदू घरांतल्या, अर्ज दिला: फजरनंतर एक तास फाटक उघडा, त्या वेळी फक्त बायका येतील. उत्तर आले, मीटिंगमध्ये ठेवू. तीन मीटिंगा झाल्या. एका सदस्यांनी तोंडी सांगितले की बायकांची सुरक्षितता बघावी लागेल. कंपाउंडच्या आतल्यापेक्षा डंपरच्या रस्त्यावर आम्ही जास्त सुरक्षित कशा, हे त्यांनी लेखी द्यावे, असा दुसरा अर्ज आम्ही केला आहे. चावी शिपाईमामांकडे असते. ते म्हणतात, "मला फक्त सांगा म्हणा, मी पाचला उघडतो."