घोड्याची खरी गोम पायात

मार्गशीर्ष लागला की आपल्या बोरी-जिंतूर भागातले हौशी लोक माळेगावच्या यात्रेच्या गोष्टी बोलू लागतात. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. मराठवाड्यात घोडा घ्यायचा म्हटलं की आधी तोच बाजार आठवतो. ज्यांचा खिसा जरा जड ते दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला जातात. सोयाबीन-कापसाचे पैसे याच दिवसांत हातात खेळत असतात, त्यामुळे सौदे झटपट होतात. टांगे बंद पडले, तालुक्याला जायला मोटारसायकल आली, तरी घोड्याची हौस काही गेली नाही. कुणाला वरातीसाठी घोडी पाहिजे, कुणाला पोराला रपेट शिकवायची आहे. कुणाच्या पोरानं मोबाईलवर अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे पाहिलेत आणि त्याला तसंच जनावर पाहिजे.

मी कृषी सहायक. शिक्षण कृषी पदविकेचं, जनावरांचा डॉक्टर मी नव्हे. पण गावोगाव फिरताना लोक पिकाबरोबर जनावराचंही विचारतात, म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहितो.

वाचकहो, हाच शेतकरी बैल कसा घेतो ते आठवा. लाल कंधारी असो की देवणी, तो आधी खूर बघतो. दावणीतून सोडवून चालवून बघतो, पुढचा पाय टाकला की मागचा कुठं पडतो ते न्याहाळतो, दात मोजतो, औताला जुंपून बघतो. मालक कितीही गोड बोलो, पाय वाकडा दिसला की निघून जातो. आणि हाच माणूस घोड्याच्या दावणीला गेला की पाय सोडून भोवरे मोजत बसतो! मानेवर देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही, गोम कुठं आहे, पंचकल्याणी आहे का, कानांची टोकं एकमेकांना टेकतात का. यावर किमतीत वीस-तीस हजारांचा फरक पडतो. भोवरा म्हणजे केसांची वळलेली दिशा. तो घोड्याला पळवत नाही आणि पाडतही नाही. पाडतो तो वाकडा पाय, आणि घोडा पडला की सोबत वरचा माणूसही पडतो.

श्रद्धेवर मला वाद घालायचा नाही. व्यवहाराचं मात्र बोलतो. बाजारात ज्याला 'खोडीचा' म्हणून गिऱ्हाईक लागत नाही, पण पाय-खूर निर्मळ आहेत, असं जनावर स्वतः बसण्यासाठी पाहिजे असेल तर खुशाल घ्यावं. स्वस्तात पडतं. पुढं विकताना तुम्हालाही कमीच येतील, हेही धरून चाला.

आता बैलाची पारख घोड्याला जशीच्या तशी लावून चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बैल जू ओढतो, टांग्याचा घोडाही ओढायचाच. ओढणाऱ्या जनावराचा खांदा उभा असला तरी भागतं. बसायच्या घोड्याचा खांदा तिरका पाहिजे. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा आणि छातीच्या पुढचं खांद्याचं टोक, या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ मनात ओढा. ती जमिनीशी साधारण पंचेचाळीस ते पन्नास अंशांत झुकलेली असेल तर पाय लांब पडतो आणि स्वाराला धक्का कमी बसतो. उडी मारताना असा घोडा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून छातीजवळ आणू शकतो. उभ्या खांद्याच्या घोड्याचा गुडघा खाली लोंबतो आणि बांबूला अडकतो. तो उंचवटाही नीट वर आलेला पाहिजे, नाहीतर खोगीर पुढं सरकतं.

उडीचा जोर मात्र मागून येतो. म्हणून पुठ्ठे लांब आणि भरलेले, कंबर आखूड व भक्कम. पाठ खचलेली नको. मागून उभं राहून बघा: चालताना मागचे सांधे एकमेकांना घासतात का? बाजूने बघा: मागचा पाय विळ्यासारखा पोटाखाली वळलाय का? असा पाय वरातीत निभावेल, पण रोज उड्या घेतल्या तर त्याच सांध्यावर सूज धरतो.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या पायांना द्या. उभ्या घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्याच पायांवर असतं, आणि उडीनंतर घोडा उतरतो तोही त्यांच्यावरच. गुडघा समोरून सपाट व रुंद असावा. बाजूने पाहता गुडघा मागं दबलेला दिसला तर उडीसाठी ते जनावर सोडून द्या, दर कितीही उतरू द्या. गुडघ्याखालची नळी आखूड आणि जाड बरी. मोठ्या माणसाला वाहणाऱ्या घोड्याची नळी टेपने साडेसात-आठ इंच भरावी. खुराच्या लगेच वरचा तिरका भाग फार लांब असेल तर कमजोर, फार उभा असेल तर प्रत्येक टापेचा दणका थेट हाडात. आणि खूर स्वतः उचलून बघा. तळव्यातली त्रिकोणी गादी रुंद आहे का, कुजका वास येतो का, चिरा आहेत का, दोन्ही पुढचे खूर सारखे आहेत का. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगडासारखी ढेकळं. दोन्हीत खुराचीच परीक्षा होते. शिवाय बैल कमी झाले तसे पत्री-नाल मारणारे हातही कमी झाले. दीड-दोन महिन्यांनी खूर छाटून द्यायला माणूस कुठून आणणार, हे घोडा आणायच्या आधी ठरवा.

उंचीचं वेड हा आणखी एक रोग. ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांची फौज उत्तरेपर्यंत गेली ती बुटकीच होती, पण हाड घट्ट आणि खूर खडकाला टिकणारा. ही भीमथडी आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली आहे. मारवाडी, काठेवाडी देखणी आहेतच, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. शर्यतीतून निवृत्त झालेली उंच जातिवंत घोडीही कधी कधी स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या पायांच्या शिरांवर हात फिरवल्याशिवाय पैसे मोजू नका. गरम लागलं, गाठ लागली की थांबा.

बाजारात घोडा झूल, गोंडे, घुंगरं घालून नाचवतात. नाच बघायला छान, पण नाचात लंगडणं लपतं. शिवाय नाचायला शिकवलेली घोडी मान वर ताणून पाठ खाली दाबते. उडीला नेमकं उलटं लागतं, पाठ कमानीसारखी वर आली पाहिजे. काही विक्रेते घोड्याचे पुढचे पाय मुद्दाम उंचवट्यावर उभे करतात, म्हणजे छाती भारी दिसते. सगळे दागिने उतरवायला सांगा, सपाट जागी उभा करा. मग दोरी ढिली सोडून कडक रस्त्यावर दुडकी पळवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर झटकतो. दुखण्याची सुई दिली असेल तर हेही दिसत नाही, म्हणून जमलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. उडीची पारख करायची तर दीड-दोन फुटांवर सैल बांबू ठेवा, स्वाराशिवाय घोडा सोडा. तो कान पुढं करून, दोन्ही गुडघे सारखे दुमडून गेला तर ठीक.

वय दातांवरून कळतं, हे बैलवाल्यांना सांगायला नको. फरक एवढाच की घोड्याला पुढचे दात वरही असतात. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास एकेक जोडी बदलते आणि पाचव्या वर्षी घोडा जुळतो. त्याआधी त्याला उड्या मारायला लावणं म्हणजे कच्च्या भिंतीवर स्लॅब टाकणं. घाई पोरांना असते, बापानं आवरावी.

वजनाचाही हिशेब आहे. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. अंदाजे किलो मिळतात. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर सुमारे 344 किलो. खोगिरासह स्वार याच्या एक पंचमांशापेक्षा जड नको, म्हणजे 69 किलोच्या आत. ऐंशी किलोचा गडी असल्या तट्टावर बसून ओढा ओलांडायला निघाला तर दोष तट्टाचा नाही.

सौदा पक्का करण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याचा उपयोग करून घ्या. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. हा रोग माणसालाही होतो, आणि 2009 च्या प्राणी रोग प्रतिबंध कायद्याखाली तपासणीत निघालेलं जनावर मारावं लागतं. लाखाचा घोडा आणि शेजारच्या गोठ्यातली सगळी घोडी एका कागदावाचून धोक्यात येतात.

शेवटी एक मागणी. माळेगावला नांदेड जिल्हा परिषद यात्रेची व्यवस्था बघते आणि जनावरांची प्रदर्शनंही भरतात. पहिला आलेल्या घोड्याला हार घातला जातो, टाळ्या पडतात. तो पहिला कशामुळं आला हे मात्र भोवती उभ्या गर्दीला कळलं पाहिजे. परीक्षकांनी ध्वनिक्षेपक हातात घ्यावा, खूर उचलून दाखवावा, खांदा कुठं तिरका आहे ते काठीनं दाखवावं आणि पाय-खूर-चालीचे गुण फळ्यावर लिहावेत. खर्च एका फळ्याचा आणि खडूचा आहे.