दोष शिंपल्याचा की पाण्याचा?

समुद्रातील शिंपल्यांचे 'आर्सिडी' नावाचे एक मोठे कुळ आहे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली त्यातील एका शिंपल्याला हजरत नूह यांच्या नौकेवरून नाव दिले. एवढ्याशा मुक्या जिवाला केवढे मोठे नाव!

या कुळातील काही शिंपले किनाऱ्याजवळच्या चिखलात राहतात. त्यांचे कवच जाड असते आणि त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या रेघा असतात. कवच उघडले की आत लाल रक्त दिसते. बहुतेक शिंपल्यांचे रक्त रंगहीन असते. यांच्या रक्तात मात्र आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. चिखलात प्राणवायू कमी असतो. तेथे जगताना हे रक्त त्यांच्या कामी येते.

हाच लाल शिंपला १९८८ साली चीनमध्ये बदनाम झाला. शांघाय शहरात तो आवडीने खाल्ला जाई. पण शिजवून नव्हे! त्यावर नुसते उकळते पाणी ओतायचे आणि अर्धवट कच्चाच खायचा. त्या वर्षी शहरात काविळीची साथ आली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. मग तेथे या शिंपल्यांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

साथीच्या वेळी बंदी योग्यच होती. अर्धकच्चे खाण्याची सवयही घातक होती, हे मला मान्य आहे. तरीही एक प्रश्न उरतो. हे रोगजंतू शिंपल्यात आले कोठून? शिंपला पाणी आत घेतो, गाळतो आणि त्यातील बारीक कण खातो. ज्या पाण्यात तो वाढला, त्यात माणसांचे मैलापाणी मिसळले होते. या काविळीचे विषाणू माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात जातात. म्हणजे आपण पाण्यात टाकलेली घाणच शिंपल्याने आपल्याला परत केली. त्याला गुन्हेगार कसे म्हणावे?

कोकणातील तिसऱ्या वेगळ्या कुळातल्या, पण त्याही असेच पाणी गाळून जगतात. ज्याला खायच्या त्याने त्या नीट शिजवून खाव्यात. ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरतात आणि गुडघाभर चिखलात उभ्या राहून तिसऱ्या वेचतात. खाडी नासली तर त्यांची रोजची कमाई बुडते. म्हणून गावाचे गटार कोठे सोडायचे हे ठरवताना सर्वांत आधी या बायकांना विचारले पाहिजे, असे माझे मत आहे.