घरटॅक्सची पावती आणि पंधरा टक्क्यांचा हिशेब

मार्च जवळ आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ग्रामपंचायतीचा शिपाई बिल घेऊन दारोदार फिरतो. रहिवासी दाखला मागायला गेलो की "आधी टॅक्स भरा" हे ऐकायला मिळते. आपण पैसे भरतो, पावती घडी करून डब्यात ठेवतो आणि विसरतो. आकडा कुठून आला, आपले नाव कोणत्या रकान्यात आहे, पैसा गेला कुठे, हे विचारत नाही. वनपट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांनी आता हे विचारायला हवे, असे आम्हाला वाटते.

आधी आकड्याचे पाहू. घरटॅक्स हा ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 124 नुसार लागतो. 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेपासून तो घराच्या भांडवली मूल्यावर ठरतो. म्हणजे जागेचा सरकारी दर, बांधकामाचा खर्च, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि घराचा वापर, हे सगळे धरून. मातीच्या घराचा दर सर्वांत कमी, आरसीसी स्लॅबचा सर्वांत जास्त. राहत्या घरापेक्षा दुकानाला, कारखान्याला भार जास्त. त्याच बिलात दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी जोडलेली असते. कौलारू मातीचे घर कागदावर पक्के लिहिले गेले असेल, तर आपण दरवर्षी जास्त भरतो आहोत. आकारणी चार वर्षांनी सुधारली जाते. त्या वेळी यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात. हरकत घ्या, न्याय मिळाला नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते.

आता नावाचे. आकारणीची नोंद नमुना 8 मध्ये असते. तलाठ्याकडचा 8-अ हा शेतजमिनीचा, तो वेगळा. नमुना 8 मध्ये मालकाचा आणि भोगवटादाराचा असे दोन स्वतंत्र रकाने असतात. गायरानावर किंवा सरकारी जागेवर वसलेल्या घराला मालक म्हणून शासन आणि भोगवटादार म्हणून आपण, अशी नोंद बऱ्याच ठिकाणी दिसते. शेऱ्यात 'अतिक्रमण' असते. टॅक्स मात्र घेतला जातो. हे स्पष्ट समजून घ्या: नमुना 8 किंवा टॅक्सची पावती म्हणजे मालकी हक्क नव्हे. पण आपण त्या जागी कधीपासून राहतो, याचा तो पुरावा आहे. वनहक्क कायद्याच्या 2007 च्या नियमांत दाव्यासाठी जे पुरावे मोजले आहेत, त्यात घरपट्टीच्या पावतीचा स्पष्ट उल्लेख आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आपल्या लोकांचे दावे इथेच अडतात. म्हणून आजोबांच्या नावाची पिवळी पडलेली पावती सोन्यासारखी जपायची असते.

हा पुरावा आता आणखी मोलाचा झाला आहे. 22 मे 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या झुडपी जंगलाबाबत निकाल दिला. ही जमीन वनच मानावी, असे न्यायालयाने सांगितले. मात्र 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाट ठेवली. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्यात येतात. सरकारी जमिनीवरची 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण 2018 पासून आहे, पण वनजमीन त्यात बसत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की आपली वस्ती नेमकी कोणत्या जमिनीवर आहे: गावठाण, गायरान, झुडपी की वन? दुसरा प्रश्न, वाटपाचा आदेश कुठे आहे? नुसती पावती त्या आदेशाची जागा घेणार नाही, पण वर्षाची साक्ष देईल.

1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे भूमिहीनांना पडीक सरकारी जमीन मिळावी म्हणून तुरुंगात गेली. त्यानंतरच्या पिढ्या ज्या जागेवर घर बांधून राहिल्या, तिचा साधा कागदही आपण गोळा केला नसेल, तर तो आपला हलगर्जीपणा आहे.

राजकारणाचाही प्रश्न यात आहे. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर कलम 14 नुसार सदस्यपद जाते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरीही अपात्रता येते, आणि कुटुंबातील माणसाच्या अतिक्रमणात राहणाऱ्यालाही ती लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले. राखीव जागेवर निवडून आलेली आपली ताई अशा तक्रारीने घरी बसू नये, असे वाटत असेल तर तयारी निवडणुकीच्या आधी करावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित बाब शेवटी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. समजा स्वउत्पन्न 4 लाख रुपये आहे, तर 60 हजार रुपये. ही कुणाची मेहेरबानी नाही. ही रक्कम वस्ती सुधारणेच्या समाजकल्याणच्या निधीहून वेगळी आहे. स्वउत्पन्न वाढले की हा वाटाही वाढतो. म्हणून टॅक्स बुडवणे आपल्याच तोट्याचे आहे. आणि म्हणूनच कोळसा, सिमेंट, लोखंडाच्या पट्ट्यातल्या गावांनी विचारायला हवे की कारखान्याकडून किती येते. कलम 125 नुसार कारखाना कराऐवजी ठोक रक्कम देऊ शकतो. तो करार ग्रामसभेपुढे ठेवा, असे म्हणायला काय हरकत आहे? गरिबाच्या दोनशे रुपयांच्या थकबाकीची यादी फळ्यावर लागते, तर मोठ्या मालमत्तेची का लागू नये?

करायचे काय? नमुना 8 चा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला या दोन्ही सेवा लोकसेवा हक्क कायद्यात आहेत. प्रत्येक घराचा उतारा काढा. 'घर दोघांचे' या सरकारच्याच मोहिमेप्रमाणे पत्नीचे नाव त्यात आहे का पाहा. विहाराची नोंद आहे का तेही पाहा. रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी तासभर बसून जुन्या पावत्यांचे मोबाइलवर फोटो काढावेत, घरनिहाय वही करावी. मग पुढच्या ग्रामसभेत एकच लेखी प्रश्न द्या: मागच्या तीन वर्षांत 15 टक्क्यांचे किती पैसे झाले, आणि ते कशावर खर्च झाले? उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

जयभीम!