ईदनंतरचा पहिला आठवडा

माझा एक मावसभाऊ टेम्पो चालवतो. वर्षातले अकरा महिने संध्याकाळी तो कुठे सापडेल हे आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक. पण रमजानचे चंद्रदर्शन झाले की तो वेगळाच माणूस होतो. सहरीला उठतो, रोजे ठेवतो, रात्री तरावीहच्या नमाजला पहिल्या रांगेत असतो. माझी खाला महिनाभर हसतमुख असते. ईद होते, शिरखुर्मा संपतो आणि तीन-चार दिवसांत टेम्पो पुन्हा जुन्या ठिकाणी उभा दिसतो. मग लोक म्हणतात, ‘नियतच खोटी होती.’

हिंदू वाचकांना यात नवल वाटू नये. श्रावणात बाटलीला हात न लावणारे आणि गटारीला मात्र कसर भरून काढणारे त्यांच्याही गल्लीत आहेत. पंढरीची माळ गळ्यात घालून दारू कायमची सोडलेली माणसेही मी पाहिली आहेत. मला वाटते, त्यात माळेइतकाच वाटा दिंडीचा, सोबतच्या माणसांचा असतो. महिनाभर दारू थांबवायला माझ्या भावाकडेही सोबत असते. सगळे घर, सगळी पेठ त्याच्यासारखीच उपाशी असते. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती सोबत उठून जाते आणि तो एकटा उरतो. त्याची नियत खोटी नव्हती. पुढचे कसे निभवायचे हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

व्यसन हा आजार आहे हे आता डॉक्टर सांगतात, पण आमच्या घरांत ते उच्चारणे जड जाते. दारू हराम असलेल्या समाजात दारुड्या असणे म्हणजे दुहेरी लाज. म्हणून आजार लपवला जातो. खालाने वर्षानुवर्षे त्याच्या मालकाला खोटी कारणे सांगितली, दुकानदारांच्या उधाऱ्या फेडल्या. एकदा टायफॉइड झाल्याचा निरोप मीच दिला होता. आम्ही त्याला मदत करत होतो असे आम्हाला वाटे. खरे तर त्याच्या पिण्याची किंमत आम्ही भरत होतो, त्यामुळे ती त्याला कधी कळलीच नाही.

एक गोष्ट तातडीची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, ते बरळू लागतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जिवावर बेतते. ‘शैतान बाहेर पडतोय’ म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडू नका, दवाखान्यात न्या. आजारी माणसाला रोजा नंतर कझा करण्याची मुभा आहे, आणि हा आजारच आहे. भिंतींवर जाहिरात दिसते तसे ‘नकळत दारू सोडवणारे’ औषधही जेवणात कालवू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायली गेली तर रक्तदाब एकदम उतरतो, माणूस दगावूही शकतो.

आता शिकण्यासारखे. तलफ लाटेसारखी येते, बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरू लागते. तेवढा वेळ जागा बदलायची, कुणाला तरी फोन करायचा, पाणी प्यायचे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा घसरण्याच्या. रोजेदाराला असरनंतर यातल्या दोन-तीन एकदमच गाठतात, तरी तो मगरिबपर्यंत तग धरतो. म्हणजे लाट अंगावरून जाऊ देण्याची कसरत तो महिनाभर करतच असतो. तीच शव्वालमध्ये कशी वापरायची, एवढे कुणी समजावून सांगायला हवे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांत ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात तेही हेच. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलतात. मला ते फार महत्त्वाचे वाटते. कारण घरही आजारी पडलेले असते.

घरच्यांनी प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नये. बोलायचे ते सकाळी, शांतपणे, कुराणावर हात ठेवून शपथा न घेता. शपथ मोडली की त्याला लाज वाटते, आणि लाज बुडवायला तो पुन्हा पितो. आणि बायकांनो, सब्र म्हणजे मार खाणे नव्हे. हात उगारला तर मुलांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा.

पैगंबरांच्या काळातली एक हकीकत हदीसमध्ये आहे. दारूच्या गुन्ह्यात वारंवार पकडून आणल्या गेलेल्या एका माणसाला कुणीतरी शाप दिला, तेव्हा पैगंबरांनी त्या शाप देणाऱ्याला रोखले. आमच्या जुम्म्याच्या बयानात दारूच्या अजाबाबद्दल पुष्कळ ऐकले, ही हकीकत क्वचित ऐकली. मशिदीची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा घरांसाठी उघडायला काय हरकत आहे? समुपदेशक हिंदू असो की मुसलमान, खोली मिळाली तर येईल. तोपर्यंत १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत. दुसरीवर मराठीतही बोलता येते.

भावाला यंदा रमजानच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. गोळ्यांच्या वेळा त्यांनी सहरी-इफ्तारला जुळवून दिल्या. ईदच्या दुपारी जुने दोस्त गळाभेटीला येतात, ती वेळ वाईट, असे त्यानेच सांगितले. म्हणून नमाजनंतर तो थेट माझ्याकडे येणार आहे, आणि पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी टेम्पोची चावी खालाकडे राहील. ‘आणि समजा प्यायलोच तर?’ त्याने विचारले. खाला म्हणाली, ‘तर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जाऊ. या खेपेला मालकाला खोटं सांगणार नाही मी.’