नळाची बिअर

काटकसर करणाऱ्या माणसाइतका खर्च दुसरं कोणी करीत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली आमच्या बावधनात ह्या काटकसरीला नवा विषय मिळाला आहे : घरच्या घरी ड्राफ्ट बिअर! ‘बाहेर एका ग्लासाला किती घेतात, ठाऊक आहे? घरी नळ बसवा, दोन वर्षांत पैसे वसूल!’ असं सांगणारे गृहस्थ दर इमारतीत एकेक तरी निघतातच.

वास्तविक बावधन बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, तेव्हा इथल्या माणसाला नळाला पाणी आलं तरी पुरे होतं. उन्हाळ्यात टँकरवाल्याला ‘दादा, दादा’ करायचं आणि बिअरला मात्र स्वतंत्र नळ! आधी काय हवं, नंतर काय, ह्याला काही धरबंध?

बरं, सामानाची यादी पाहू. एक जुना फ्रिज. तो जुन्या बाजारातला, म्हणजे ‘स्वस्त’. त्यात मावेल असं बिअरचं पिंप, त्याला केग म्हणायचं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्याचा दाब आवरणारा रेग्युलेटर, केगच्या तोंडाला बसणारा कपलर, नळी, आणि शेवटी तो मानाचा नळ. बिअर ३-४ अंशांवर हवी, दाब १०-१२ पौंडांचा हवा. बिअर जरा कोमट झाली किंवा नळी आखूड पडली, की ग्लासात नुसता फेस! शिवाय दर पंधरा दिवसांनी नळी औषधाने धुवायची, नाहीतर चव बिघडते. ज्यांनी उभ्या जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, ते म्हणे ही नळी धुणार! ती कोणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण हे सगळं मी सोडून देतो. माझं खरं भांडण गणिताशी आहे. मोठा केग ५० लिटरचा. त्याचे अर्ध्या लिटरचे १०० ग्लास. आपला मध्यमवर्गीय माणूस शनिवारी एक ग्लास घेणारा. म्हणजे १०० शनिवार; जवळजवळ दोन वर्षं! आणि गॅसवर, थंडगार ठेवलेली बिअरसुद्धा फार तर सहा-आठ आठवडे धड राहते. गॅसचे पैसे वाचवायला हातपंप लावाल, तर आत हवा शिरते आणि दुसऱ्या दिवशी बिअर शिळी. तेव्हा सहा आठवड्यांत केग संपवायचा, तर रोज दोन ग्लासांहून जास्त रिचवायला हवेत. ‘लहान घेऊ’ म्हणाल, तर १९ लिटरचेही ३८ ग्लास होतात. जवळजवळ रोज एक! उरलेला भात ‘वाया जाईल’ म्हणून संपवणारी आपण माणसं. तीच बुद्धी केगला लावली, की शनिवारचा गृहस्थ आठवड्याभरात सातवारी होतो. आणि तोही चैनीपायी नव्हे, काटकसरीपायी! बाटलीचा तळ समोर दिसतो. केगचा दिसत नाही. धोका आहे तो इथेच.

उसाचा रस आवडतो म्हणून कोणी दिवाणखान्यात चरक बसवतं का? रसवंतीतला रस ताजा लागतो, कारण तिथे गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक येत असतं. ड्राफ्ट बिअरचंही तसंच. २००९ साली डूलालीने पुण्यात आपली भट्टी लावली, त्यानंतर अशा बऱ्याच जागा निघाल्या. तिथली बिअर ताजी राहते ती नळाच्या पुण्याईने नव्हे, गर्दीच्या! चार अनोळखी माणसं आपल्याबरोबर तेच पिंप रिकामं करीत असतात. घरी ती गर्दी कुठून आणणार? आणलीत, तर चकल्या-शेंगदाण्यांचा हिशेब कोण देणार?

तरीही घरी बार हवाच असेल, तर माझी योजना ऐका. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून शाबूत आहे, तेव्हा आधी परवाना काढा. मग दोन बाटल्या, बर्फाची एक बादली आणि एक ओपनर. बार तयार! बाटल्या संपल्या की बारही बंद.

आणि वाचलेल्या पैशांत एक टँकर मागवा. सोसायटी दुवा देईल.