उघाडीपाशी

लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला घरोघरी पणत्या लागतात आणि त्याच सुमारास ठाणे खाडीला उधाण येतं. नवी मुंबईचा बराचसा भाग खाजणावर भराव घालून उभा राहिला, तोही भरतीच्या पातळीखाली. म्हणून सिडकोनं जागोजागी धारण तलाव बांधले. भरती चढली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की ते खाडीत उतरतं.

गेल्या पावसाळ्यात वाशीच्या अशाच एका तलावाकाठी अकरावी-बारावीची काही मुलंमुली भेटली. सोबत जवळच्या गावातले एक आजोबा होते. झडपेकडे बघून ते म्हणाले, ही तर आमची उघाडीच. भातखाचरांच्या बांधाला फळीची उघाडी असायची. ती कधी उचलायची हे ज्याला कळे, त्याच्या शब्दाला गावात वजन असे. भरतीची वेळ कशी काढायची? तिथीची पाऊणपट करा, आजोबा म्हणाले. अष्टमीला सहा वाजता. मुलांनी मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. थोडं मागंपुढं, पण जुळलं!

मग एका मुलीनं खरा प्रश्न विचारला. तलावात गाळ साचलाय, गाळावर कांदळवन उगवलंय. गाळ काढावा तर झाडं जातात, आणि त्यांना उच्च न्यायालयाचं संरक्षण आहे. न काढावा तर पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरतं. मग करायचं काय?

तिला तयार उत्तर कुणीच दिलं नाही, हे मला फार आवडलं. शाश्वत विकासाचं शिक्षण म्हणून आपण मुलांच्या हाती रोप देतो, टी-शर्ट देतो, फोटो काढून प्रमाणपत्र देतो. जिथं निर्णय होतो, तिथं मात्र त्यांना बसू देत नाही. मे २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ इथल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात मतदार झालेल्या मुलानं आपल्या प्रभागाचा प्रश्न कुणापुढे मांडायला शिकायचं?

तरीही मुलं शिकली. २०२४ साली नेरुळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, रोहित पक्षी दगावले. तेव्हा नागरिकांबरोबर शाळकरी मुलंही रस्त्यावर आली. पुढच्याच वर्षी राज्य वन्यजीव मंडळानं ते तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. या लढ्यात घोषणांइतकंच काम पाण्याच्या वाटा ओळखणाऱ्यांनी केलं.

प्रत्येक प्रभागातल्या चार तरुणांना नाल्यांचे नकाशे द्या, धारण तलावांच्या पाहणीला बरोबर न्या, त्यांच्या अर्जाला महिन्याभरात लेखी उत्तर द्या. एवढं तरी या दिवाळीत मागायलाच हवं.

वाशीच्या त्या मुलांनी हातानं काढलेला तलावाचा नकाशा या अंकात छापला आहे. त्यावर दोन जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं आहेत. ती आम्ही पुसलेली नाहीत.